पंचनाम्यात न आलेलं पाणी

ऑगस्ट २०२३च्या मध्यात दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून येऊ लागली. आधी कर्दे, मग लाडघर, केळशी, कोळथरे, मुरूड, बुरोंडी. सीमाशुल्क विभागाची आणि पोलिसांची पथकं वाळू तुडवत फिरली आणि काही दिवसांत दोनशे किलोंहून अधिक माल गोळा झाला. पाठोपाठ रायगडात श्रीवर्धनच्या बाजूलाही तशीच पाकिटं सापडली. वजन किती, बाजारात किंमत किती, माल कुठल्या जहाजातून पडला, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. एखादं पाकीट हाती लागण्याआधीच खडकावर आपटून फुटलं असेल, तर त्यातला चरस कुठे गेला, हा प्रश्न त्या धावपळीत मागे राहिला.

त्याच खडकांना कालवं चिकटलेली असतात. ओहोटी लागली की गावातल्या बायका टोकदार लोखंडी अवजार घेऊन उतरतात, वाकून एकेक कालव फोडतात आणि आतला मऊ गर डब्यात टाकतात. खाडीच्या रेतीत तिसऱ्या असतात, मुळे असतात, लाटा झेलणाऱ्या कातळावर शिणाणे असतात. या सगळ्या शिंपल्यांना जागा सोडून पळता येत नाही. पाण्यात जे येईल, ते त्यांच्या अंगातून जातं.

शिणाण्याचं जगणं जवळून पाहिलं, तर ही गोष्ट नीट कळते. शिंपल्याच्या दोन झडपा किंचित उघडतात. आत पातळ पडद्यासारखे कल्ले असतात आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी सूक्ष्म केस एका लयीत हलत असतात. त्या हलण्यानं पाणी आत ओढलं जातं, त्यातले शेवाळाचे कण अडकतात, ते तोंडाकडे सरकवले जातात आणि उरलेलं पाणी बाहेर जातं. मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी असं गाळू शकतं. पाण्यात एखादं रसायन अगदी नगण्य प्रमाणात असलं, तरी एवढं पाणी रोज गाळणाऱ्या शरीराशी त्याचा संबंध सारखा येत राहतो. त्यातली काही रसायनं अंगात साठतात, आणि म्हणून समुद्राची तब्येत तपासायला जगभरचे शास्त्रज्ञ शिंपले वापरतात.

पण शिंपला नुसती गाळणी नाही. कल्ल्यांवरच्या केसांची लय ठरवणारी रसायनं त्याच्या शरीरात असतात. सेरोटोनिननं ती लय वाढते, डोपामिननं मंदावते. झडपा घट्ट मिटून धरणारा स्नायू सैल सोडायचा, तोही सेरोटोनिनच्या इशाऱ्यावर. प्रजननासाठी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडण्याशीही त्याचा संबंध आहे. बीज केंद्रांत शिंपल्यांना सेरोटोनिन टोचून अंडी सोडायला लावतात, ते याच कारणानं. आता माणसाच्या मेंदूत कोकेन, मेथाम्फेटामिन किंवा आपल्याकडे एमडी म्हणून विकलं जाणारं मेफेड्रोन काय करतं, ते आठवावं. ही सगळी द्रव्यं डोपामिन आणि सेरोटोनिनच्याच कारभारात ढवळाढवळ करतात. जी कळ दाबली की माणसाला नशा चढते, तिच्याच नात्यातली कळ शिंपल्याच्या पोटात आहे. नशेचा माल पाण्यात गेला की त्याचा त्रास माणसापुरता राहील, असं मानायला म्हणूनच काही आधार उरत नाही.

हे नुसतं तर्कानं मांडलेलं नाही. इटलीत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतल्या संशोधकांनी पो नदीच्या पाण्यात कोकेनचा अंश मोजला. कोकेन घेतलेल्या माणसाच्या लघवीतून बेंझॉइलएक्गोनिन नावाचा पदार्थ बाहेर पडतो. तो नदीत किती वाहतो, यावरून त्यांनी हिशेब मांडला, की या नदीतून रोज सुमारे चार किलो कोकेनच्या बरोबरीचा ऐवज वाहतो आहे. सरकारी अंदाजांपेक्षा तो फार मोठा होता. पुढे मिलान विद्यापीठात पारोलिनी आणि बिनेली यांनी झेब्रा शिंपला या गोड्या पाण्यातल्या जातीला याच बेंझॉइलएक्गोनिनच्या पाण्यात ठेवलं. प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. तरीही शिंपल्यांच्या पेशींत डीएनएला इजा झालेली आढळली. गांजा-चरसातल्या मुख्य नशील्या द्रव्याचीही त्यांनी याच शिंपल्यावर चाचणी घेतली आणि तिथेही पेशींवर ताण दिसला. ते द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, चरबीला आणि गाळाला चिकटतं. दापोलीच्या किनाऱ्याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण तिसऱ्या आणि मुळे राहतात ते गाळमिश्रित रेतीतच.

समुद्रातल्या शिंपल्यांवर सगळ्यात चिकाटीनं काम झालं ते ब्राझीलमध्ये. सांतोस हे तिथलं मोठं बंदर. शहराचं सांडपाणी समुद्राखालच्या नळानं उपसागरात सोडलं जातं आणि त्या पाण्यात कोकेन सापडलं. तिथल्या संशोधकांनी पेर्ना पेर्ना या जातीचे शिंपले घेतले. आपला हिरवा शिणाणा, पेर्ना विरिडिस, हा त्याचा सख्खा भाऊबंद. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात क्रॅक कोकेनच्या पाण्यात ठेवलेल्या शिंपल्यांच्या पेशींमधली आवरणं कमकुवत झाली आणि भ्रूणांच्या वाढीत बिघाड झाला. रिओजवळ पकडलेल्या तेरा छोट्या शार्क माशांच्या अंगात कोकेन सापडल्याची बातमी २०२४मध्ये जगभर गाजली. शिंपल्यांची बातमी मात्र तिच्या बऱ्याच आधीची, आणि माझ्या मते जास्त गंभीर. शार्क मासा फिरतो, त्याच्या अंगातलं विष कुठून आलं हे शोधत बसावं लागतं. शिंपला एकाच ठिकाणी असतो, त्यामुळे त्या ठिकाणचं पाणी कसं आहे हे त्याच्यावरून नेमकं कळतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यानं याचाच उपयोग केला. व्हिडबी बेटाजवळच्या स्वच्छ पाण्यातले शिंपले पिंजऱ्यांत घालून प्युजेट साउंडच्या किनाऱ्यावर अठरा ठिकाणी ठेवले, मग काढून तपासले. २०१८ साली निकाल आला. तीन ठिकाणच्या शिंपल्यांत ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय औषध निघालं, आणि ती तिन्ही ठिकाणं शहरी वस्तीजवळची होती. माणसाच्या औषधी मात्रेच्या मानानं प्रमाण हजारो पटींनी कमी होतं, हे त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केलं. ते आपणही स्पष्ट ठेवू. तिसऱ्यांचं कालवण खाऊन कुणाला नशा चढणार नाही आणि कोळणीच्या टोपलीकडे पाठ फिरवायचं काही कारण नाही. धोका आहे तो शिंपल्याच्या पिढ्यांना. तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की त्या वाळू सोडतात, हे कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक आहे. पेशीत शिरलेलं रसायन तसं वाळूबरोबर बाहेर पडत नाही.

आता हिंगोलीकडे येऊ. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरी इथलं पाणी समुद्रालाच जातं. नरसी नामदेवला लागून आणि हिंगोली शहरातून वाहणारी कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांतून येणारी पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फुटते, तिची गौतमी शाखा कोरिंगाच्या खारफुटीतून काकिनाड्याच्या उपसागराला पाणी पुरवते. त्या उपसागराच्या चिखलात शिंपल्यांची जुनी, मोठी रानं आहेत. लाल रक्ताचा शिंपला म्हणून ओळखली जाणारी जात तिथे मुबलक असते आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. हिंगोलीच्या नाल्यात जे पडतं, ते उन्हात, गाळात आणि धरणांत किती नष्ट होतं आणि किती पुढे जातं, हा मोजण्याचा विषय आहे. वाट मात्र उघडी आहे.

आणि समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. गोदावरीच्या खोऱ्यातल्या नद्यांत आपले स्वतःचे शिंपले आहेत. लॅमेलिडेन्स या वंशातले हे काळपट कवचाचे शिंपले पात्रातल्या गाळात अर्धे रुतलेले असतात. त्यांच्या कवचाला घासून भोक पाडायचं आणि त्यानं कैरी सोलायची, हे मराठवाड्यातल्या कित्येक घरांत झालेलं आहे. त्यांची पिल्लं माशांवाचून वाढत नाहीत. मादी सूक्ष्म पिल्लं पाण्यात सोडते, ती माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही काळ तिथे वाढतात आणि मग गळून गाळात बसतात. मासा बिघडला की शिंपला बिघडला.

मासे बिघडतात का? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वीडनच्या उमेआ विद्यापीठातल्या संशोधकांनी पर्च माशांना ऑक्साझेपाम या औषधाच्या सौम्य द्रावणात ठेवलं. मासे धीट झाले, थव्यापासून दूर फिरू लागले, भराभरा खाऊ लागले. ऑक्साझेपाम ज्या गटातलं, त्याच गटातल्या गोळ्या आपल्याकडे नशेसाठी विकल्या जातात. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ आणि मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हटलं की पोलिसांना आणि शाळेबाहेरच्या पालकांना अर्थ सांगावा लागत नाही. या गोळ्या आणि त्यांचे अंश लघवीतून गटारात जातात. इंग्लंडमध्ये सफोकच्या ग्रामीण भागातल्या पंधरा ठिकाणचे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे बारके जीव तपासले गेले, तर प्रत्येक नमुन्यात कोकेन निघालं, असा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. मोठं शहर जवळ नसलं म्हणजे नदी सुरक्षित, हा समज तिथेच मोडला.

यात आपल्या नद्यांची एक गोष्ट युरोपाहून फार वेगळी आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिकडच्या बहुतेक नद्या बारमाही वाहतात. कयाधू उन्हाळ्यात आटते. पात्रात डबकी उरतात आणि शहरालगत जे वाहताना दिसतं, ते बहुतांशी सांडपाणी असतं. रसायन विरळ करायला नदीकडे पाणीच नसतं. नेमकं त्याच काळात शिंपले उरलेल्या डोहांत दाटीनं अडकलेले असतात. शिवाय नेहमीची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात. असली द्रव्यं पकडण्यासाठी ती आखलेलीच नाहीत.

नशा करणाऱ्यांच्या लघवीपेक्षा मोठं संकट म्हणजे नशा तयार करणारे कारखाने. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्यानंतरही त्याचं उत्पादन महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींत शिरत राहिलं. ऑक्टोबर २०२३ हा एकच महिना पाहा. नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला, सोलापूरजवळ चिंचोळीत सापडला, आणि छत्रपती संभाजीनगर व पैठण इथे महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबाद गुन्हे शाखेनं छापे घातले. पैठणची औद्योगिक वसाहत नाथसागराच्या आणि गोदावरीच्या परिसरातली. पुढच्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभला कारवाई केली. असे कारखाने चोरून चालतात, म्हणून त्यांचं सांडपाणीही चोरूनच जातं. द्रावणं, आम्लं, अर्धवट झालेली रसायनं कुठल्या टाकीत, कुठल्या नाल्यात गेली, याची नोंद कोण ठेवणार? युरोपीय यंत्रणांचा अंदाज आहे, की एमडीएमए हे दुसरं नशेचं द्रव्य एक किलो तयार करताना सहा ते दहा किलो रासायनिक कचरा निघतो. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तो रानात, कालव्यांत, शेणखताच्या टाक्यांत ओतलेला सापडतो. आपल्याकडच्या छाप्यांच्या बातम्यांत जप्त माल किती कोटींचा, हे ठळक अक्षरांत येतं. कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी तपासलं का, हे मी तरी वाचलेलं नाही.

नाशिकच्या त्याच प्रकरणात एक संशयित म्हणाला, की माल गिरणा नदीत फेकला. मुंबई पोलीस देवळा तालुक्यात लोहोणेर-ठेंगोड्याजवळ गेले, पाणबुडे उतरवले, पात्र धुंडाळलं. पुरावा म्हणून ते रास्तच होतं. पण पोती सापडोत न सापडोत, जे विरघळलं ते गिरणेचं झालं. त्या पात्रातले मासे आणि शिंपले पुढच्या महिन्यात कुणी तपासायला हवे होते.

औषधानं जीव कसा संपतो, हे या देशानं एकदा पाहिलेलं आहे. जनावरांच्या ताप-सुजेवर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. कारण २००४ साली सिद्ध झालं, २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. गिधाड मेलं तर निदान दिसतं. शिंपल्याची वीण खुंटली तर दिसत नाही. रेतीत रिकामी कवचं तर नेहमीच असतात.

काम सुरू करायला फार मोठा खर्च लागत नाही. रत्नागिरीत झाडगावला १९५८पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मराठवाड्यात उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. सिद्धेश्वरच्या वरच्या स्वच्छ पाण्यातले शिंपले घ्यावेत, जाळीच्या पिंजऱ्यांत घालून एक पिंजरा हिंगोलीच्या वर आणि एक खाली कयाधूत, एक पूर्णा-गोदावरी संगमाजवळ, एक नांदेडच्या खाली, एक पैठणला ठेवावा. एक फेरी पावसाळ्यानंतर, दुसरी एप्रिलात. बारीक तपासणीची यंत्रं पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांना अपरिचित नाहीत. जप्त एमडी ओळखायला असलीच यंत्रं लागतात. आणि कुठल्याही कारखान्यावर छापा पडला, की पंचनाम्यात आणखी एक ओळ असावी: लगतच्या नाल्यातून पाण्याची बाटली भरून सील केली, गाळाचा नमुना घेतला, आणि खालच्या अंगाला मिळाले ते शिंपले बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवले.