हद्दपारीचे खटले आणि विद्यार्थ्यांची उमेदवारी

अमेरिकेत गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या निर्धन माणसाला सरकारी खर्चाने वकील द्यावा लागतो. १९६३ साली गिडियन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक घालून दिला. परंतु ज्याच्यावर हद्दपारीची नोटीस बजावली गेली आहे, त्याला हे संरक्षण सहसा लाभत नाही. हद्दपारी ही शिक्षा नव्हे, असे त्याच न्यायालयाने १८९३ मध्येच ठरवून टाकले होते. १९५२ च्या कायद्याने अशा माणसाला वकील देण्याची मुभा दिली खरी. मात्र सरकारला त्याचा खर्च पडता कामा नये, अशी अट घातली. सरकारपक्षाचा वकील समोर आणि परक्या भाषेतला एकाकी माणूस या बाजूला, असा हा विषम सामना असतो.

या विषमतेचे मोजमाप २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. इन्ग्रिड ईगली आणि स्टीव्हन शेफर यांनी २००७ ते २०१२ या काळातील बारा लाखांहून अधिक हद्दपारीची प्रकरणे तपासली. त्यांत वकील लाभलेल्यांचे प्रमाण अवघे ३७ टक्के होते आणि स्थानबद्धांमध्ये तर ते १४ टक्क्यांवर आले होते. ही पोकळी काही अंशी भरून काढतात त्या धर्मादाय कायदेसाहाय्य संस्था. आणि या संस्थांच्या कचेऱ्यांत पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थी सुटीत उमेदवारी करतात.

हे विद्यार्थी कायद्याचे नव्हेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. कायद्याच्या विद्यार्थ्याला देखरेखीखाली अशिलाची बाजू मांडता येते. पदवीपूर्व विद्यार्थ्याला ती मुभा नाही. त्याच्या वाट्याला येते ते पडद्यामागचे काम: दुभाषाचे काम करणे, आश्रय मागणाऱ्याची हकिकत टिपून घेणे, कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करणे, मायदेशातील परिस्थितीचे पुरावे जमवणे. आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून एका वर्षात करावा लागतो आणि तो इंग्रजीतच भरावा लागतो. त्यामुळे या कामाला उसंत नसते.

वरवर पाहता ही कारकुनी वाटेल. वस्तुतः खटल्याचा पाया येथेच घातला जातो. २००५ च्या कायद्यानुसार अर्जदाराच्या निवेदनातील विसंगती मूळ मुद्द्याशी संबंधित नसली, तरी तिच्यावरून त्याच्या विश्वासार्हतेविषयी शंका घेता येते. समजा, ग्वाटेमालातील एखाद्या शेतकऱ्याने 'कापणी उरकल्यावर घरावर हल्ला झाला' असे सांगितले आणि रकाना रिकामा राहू नये म्हणून विद्यार्थ्याने तेथे एक तारीख घातली. पुढे न्यायाधीशासमोर त्या शेतकऱ्याच्या तोंडून दुसराच महिना निघाला, तर खरा माणूस खोटा ठरू शकतो. एका रकान्यातील घाई कोणाला मृत्यूच्या दारात परत धाडू शकते, याची जाणीव ज्या उमेदवारीत दिली जात नाही, तिला शिक्षण म्हणता येणार नाही.

कायद्याचे ज्ञान हाताशी असणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण भारतीयांच्याच इतिहासात आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाचा अधिकार नाही असा निकाल लागला आणि पूर्वी दिलेले नागरिकत्वही काढून घेण्याचे दावे सरकारने गुदरले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तसा दावा झाला. पंडित स्वतः कायदेपंडित. ते नेटाने लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व कायम ठेवले. ज्यांच्यापाशी ही विद्या नव्हती, त्यांनी काय करावे, हा प्रश्न तेव्हा होता, आजही आहे.

या उमेदवारीत दोन दोष शिरण्याचा धोका आहे. एक म्हणजे ती बहुधा बिनपगारी असते. जे विद्यार्थी स्थलांतरितांची भाषा घरी बोलतात, तेच अनेकदा सुटीत चार पैसे मिळवण्यास बांधलेले असतात. आणि ज्यांना फुकट राबणे परवडते, त्यांना ती भाषा येतेच असे नाही. विद्यावेतनाविना चालणारी उमेदवारी नेमक्या योग्य उमेदवारालाच दूर ठेवते. दुसरा दोष मर्यादा ओलांडण्याचा. लॅटिन अमेरिकेत 'नोतारिओ' हा कायदेतज्ज्ञ असतो. या शब्दाचा गैरफायदा घेऊन अमेरिकेत अनेक भोंदूंनी स्थलांतरितांना नागवले आहे. उत्साहाच्या भरात कायदेशीर सल्ला देणारा विद्यार्थी हेतूने शुद्ध असला, तरी परिणामाने त्याच वाटेला लागतो. म्हणून वकिलाची देखरेख ही सवड मिळेल तेव्हा करण्याची गोष्ट नव्हे.

अर्थात, उत्तम उमेदवारही वकिलाची जागा घेऊ शकत नाही. स्थानबद्ध स्थलांतरितांना सार्वजनिक पैशातून वकील देण्याचा उपक्रम न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये सुरू केला. खरा मार्ग तोच आहे. तो देशभर स्वीकारला जाईपर्यंत विद्यार्थ्यांचे साहाय्य अमोल आहे. मात्र या साहाय्याच्या आडोशाने शासनाला आपली जबाबदारी झटकता येऊ नये. अन्यायाला तात्पुरता टेकू देणे वेगळे आणि तो टेकू पाहून भिंत भक्कम आहे असे समजणे वेगळे.