अन्ननलिकेचा अवरोध आणि स्टेंट : वैद्याने काय जाणावे?

अन्नवह स्रोतसाच्या व्याधींत एका लक्षणाकडे वैद्याने कधीही दुर्लक्ष करू नये. ते लक्षण म्हणजे घास उतरताना होणारा अडथळा. आपल्या खानदेशात रुग्ण ते साध्या शब्दांत सांगतो, ‘भाकरी छातीत अडकते.’ प्रथम कोरडी भाकरी अडकते, मग मऊ भात, पुढे पेज, आणि अखेरीस स्वतःची लाळही उतरेनाशी होते. हा क्रम काही आठवड्यांचा वा महिन्यांचा असतो. या काळात रुग्ण नकळत आपले अन्न बदलत जातो. भाकरी वरणात वा दुधात कुस्करून खाऊ लागतो, म्हणून घरच्यांच्या ध्यानात काही येत नाही. अन्ननलिका लवचिक असल्यामुळे तिची पोकळी निम्म्याहून अधिक अरुंद होईपर्यंत बहुधा लक्षणच उमटत नाही. म्हणूनच निदान होते तेव्हा अनेक रुग्ण शस्त्रकर्माच्या मर्यादेपलीकडे गेलेले असतात. अशा रुग्णांसाठी आज जो उपाय सर्वाधिक योजला जातो, त्या स्टेंटचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी अन्नवह स्रोतसाचे मूल आमाशय व वामपार्श्व सांगितले आहे. स्रोतोदुष्टीचे चारही प्रकार आपणास परिचित आहेत. त्यांपैकी ‘संग’ येथे प्रत्यक्ष दिसतो. व्याधी वाढून अन्ननलिका व श्वासनलिका यांच्यामध्ये छिद्र पडले, तर अन्नजल श्वासमार्गात शिरते. हे ‘विमार्गगमना’चे भयावह रूप होय. सुश्रुताचार्यांनी मर्मस्थानी वा स्रोतसात उत्पन्न झालेले अचल अर्बुद असाध्य म्हटले आहे. मात्र त्यांनीच याप्य व्याधीविषयी सांगताना, पडू पाहणाऱ्या घराला योग्य जागी लावलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. या व्याधीत स्टेंटचे स्थान नेमके त्या टेकूचे आहे. त्याने घर नवे होत नाही, पण आत राहणाऱ्याला काही काळ निवारा मिळतो.

नाडीयंत्रांचे वीस प्रकार सुश्रुतसंहितेत आहेत. निरुद्धप्रकश व सन्निरुद्धगुद या अवरोधांत घृताने स्निग्ध केलेली, दोन्हीकडे मुख असलेली नाडी प्रवेशित करून दर तीन दिवसांनी अधिक स्थूल नाडी योजावी, असा उपक्रमही आहे. यावरून स्टेंट आपल्याकडे पूर्वीच होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण अरुंद झालेला मार्ग नलिकेने मोकळा राखावा, हे तत्त्व आपणास परके नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

स्टेंट म्हणजे काय?

‘स्टेंट’ हा शब्द चार्ल्स स्टेंट या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज दंतवैद्याच्या नावावरून आला. अन्ननलिकेत कडक प्लॅस्टिकच्या नळ्या बसविण्याची पद्धत विसाव्या शतकात बराच काळ रूढ होती. मात्र नळी आत ढकलताना अन्ननलिका फाटण्याचा धोका मोठा असे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ४२ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात आपोआप फुलणाऱ्या धातूच्या स्टेंटमध्ये प्लॅस्टिकच्या नळीपेक्षा उपद्रव कमी आढळले. त्यानंतर धातूचा स्टेंटच प्रचारात आला.

हा स्टेंट बहुधा निकेल व टायटॅनियम यांच्या ‘निटिनॉल’ या मिश्रधातूच्या तारांचा विणलेला जाळीदार नळा असतो. तो आवळून बारीक नळीत भरलेला असतो. दुर्बिणीने अवरोध पाहून त्यातून मार्गदर्शक तार पलीकडे नेतात, अनेकदा क्ष-किरणांच्या साहाय्याने जागा निश्चित करतात आणि स्टेंट मोकळा करतात. शरीराच्या उष्णतेने तो एकदोन दिवसांत पूर्ण फुलतो. जाळीतून अर्बुद आत वाढू नये, म्हणून त्यावर पातळ आवरण असते. श्वासनलिकेशी छिद्र झाले असल्यास असा आवरणयुक्त स्टेंट हाच प्रमुख आधार होय.

कोणाला, केव्हा?

स्टेंट अर्बुद नष्ट करीत नाही व कर्करोग बरा करीत नाही, हे प्रथम स्पष्ट असावे. हृदयातील स्टेंटची कीर्ती घरोघरी पोचल्यामुळे येथे मोठा गैरसमज होतो. गिरणाकाठच्या एका शेतकऱ्याला स्टेंट बसल्यावर दुसऱ्याच दिवशी पेज उतरू लागली. तेव्हा त्याच्या मुलाने मला विचारले, “डॉक्टरसाहेब, आता बाबा शेतात केव्हा जातील?” त्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे कठीण होते, पण ते देणे आवश्यक होते. ते न दिले असते, तर पुढील महिन्यांत त्या कुटुंबाने आशेपोटी कर्ज काढले असते.

नेदरलँड्समधील २०९ रुग्णांच्या अभ्यासात (२००४) असे दिसले, की स्टेंटने आराम लवकर मिळतो, तर अन्ननलिकेच्या आतून दिलेल्या किरणोपचाराने तो उशिरा मिळतो, पण अधिक काळ टिकतो. म्हणजे ज्याचे आयुष्य आठवड्यांत मोजावे लागेल त्याला स्टेंट अधिक उपकारक, आणि ज्याची शक्ती बरी आहे त्याच्यासाठी किरणोपचाराचाही विचार व्हावा. स्टेंटनंतर बाहेरून किरणोपचार दिल्यास मार्ग अधिक काळ मोकळा राहतो का, हे ब्रिटनमधील २२० रुग्णांच्या अभ्यासात (२०२१) तपासले गेले. तसा लाभ दिसला नाही, परंतु रक्तस्रावाचे प्रसंग कमी झाले. ज्या रुग्णाचे शस्त्रकर्म शक्य आहे त्याला तत्पूर्वी स्टेंट बसवू नये, असा युरोपातील एंडोस्कोपीतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२१ चा अभिप्राय आहे. म्हणून ‘आधी स्टेंट बसवून घ्या, मग बघू’ असा सल्ला वैद्याने देऊ नये. निर्णय कर्करोगतज्ज्ञाचा असावा.

चाळीसगावकरांना मुंबईची गाडी सोयीची आहे. दादरला उतरून परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठता येते. १९४१ पासून ते कर्करोगाच्या सेवेत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. स्टेंटचा खर्च तीत बसतो की नाही, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

उपद्रव व पथ्यापथ्य

स्टेंटनंतर काही दिवस छातीत वेदना होऊ शकते. स्टेंट सरकणे, त्याच्या टोकांवर अर्बुद वाढणे, घास अडकणे, रक्तस्राव व क्वचित छिद्र पडणे हे उपद्रव संभवतात. रक्ताची वांती, काळा मल, ज्वरासह तीव्र छातीदुखी, अन्न घेताच खोकला किंवा पुन्हा गिळता न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी उपचार न करता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

पथ्याच्या बाबतीत मात्र आपले शास्त्र थेट उपयोगी पडते. संसर्जनक्रमातील मंड, पेया, विलेपी हीच चढण येथे योग्य आहे. पुढे मऊ मुगाची खिचडी, गाळलेले वरण, ताक इतपत जावे. भाकरीचा कोरडा तुकडा, मांसाचे मोठे तुकडे, शेवग्याच्या शेंगा, तंतुमय पालेभाजी वर्ज्य करावी. रुग्णाने ताठ बसून, लहान घास सावकाश चावून खावा व जेवताना मधूनमधून कोमट पाणी प्यावे. स्टेंट आमाशयाच्या मुखापर्यंत गेला असल्यास आम्ल वर येते. अशा रुग्णाने जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये व उशाकडील बाजू उंच ठेवून झोपावे.

औषधयोजनेतही सावध असावे. ईसबगोल पाण्याने फुगते. अरुंद मार्गात वा स्टेंटमध्ये ते अडकून बसण्याचा धोका आहे, म्हणून ते देऊ नये. गुग्गुळकल्पांच्या कठीण वट्या व कोरडी चूर्णे टाळावीत. मलावष्टंभासाठी द्रवरूप कल्पना योजावी. वमनाचा विचारही करू नये. वेदना तीव्र असल्यास तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मॉर्फिन मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. २०१४ च्या कायदादुरुस्तीने त्याची उपलब्धता सुलभ केली आहे. व्यसनाच्या भीतीने त्याला विरोध करणे म्हणजे मरणासन्नाला पीडेत ठेवणे होय.

आपले कर्तव्य

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती आहे. पन्नाशीचा, तंबाखू वा मद्य सेवन करणारा गृहस्थ वारंवार अम्लपित्ताची औषधे नेत असेल, तर ‘घास अडकतो का?’ एवढे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर पुढील बाटली देण्याआधी दुर्बीण तपासणी सुचवावी. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत. असे फलक आपल्या दुकानात नसावेत.

असाध्य व्याधीत हात टाकून यश घालवू नये, असे प्राचीनांनी बजावले आहे. त्याचा अर्थ रुग्णाचा हात सोडावा असा नव्हे. लवकर ओळखणे, योग्य ठिकाणी पाठविणे, परत आल्यावर पथ्य सांभाळणे व कुटुंबाला सत्य सांगणे ही चार कामे तालुक्याच्या गावातील वैद्य सहज करू शकतो. ज्याला महिनाभर पाण्याचा घोट उतरला नाही, त्याने आपल्या घरी, आपल्या माणसांत बसून वाटीभर पेज प्यावी, हेही चिकित्सेचे फळच आहे.