रुग्णाचे सांगणे आणि यंत्राची नोंद

खुब्याचा सांधा झिजलेल्या किंवा खुब्याचे सांधेरोपण झालेल्या रुग्णास एक प्रश्न आवर्जून विचारला जातो : दिवसभरात चालणे-फिरणे किती होते? व्यायाम, औषधे आणि शस्त्रक्रिया यांविषयीचा सल्ला काही अंशी या उत्तरावर अवलंबून असतो.

उत्तर मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला प्रश्नावलीचा. 12 देशांत पडताळून पाहिलेली आंतरराष्ट्रीय शारीरिक हालचाल प्रश्नावली रुग्णास गेल्या 7 दिवसांतील हालचालींविषयी विचारते. दुसरा मार्ग अ‍ॅक्सिलरोमीटर या लहानशा यंत्राचा. कमरेला, मांडीला किंवा मनगटाला बांधलेले हे यंत्र शरीराची हालचाल क्षणोक्षणी टिपते.

या दोहोंची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुबा किंवा गुडघा यांचे सांधेरोपण झालेल्या रुग्णांनी सहा महिन्यांनंतर वेदना कमी झाल्याचे सांगितले. यंत्राच्या नोंदीत मात्र त्यांची हालचाल वाढल्याचे दिसले नाही.

याचा अर्थ रुग्ण खोटे बोलतात, असा मुळीच नव्हे. मनात श्रम राहतात, पावले राहत नाहीत. दुखऱ्या खुब्याने अंगण ओलांडणे हेही मोठे काम वाटते. उलटपक्षी स्वयंपाक, झाडलोट यांसाठीची ये-जा कोणी हिशेबात धरीत नाही. यंत्रालाही मर्यादा आहेत. संथ, लंगडती पावले त्याच्या नोंदीतून निसटू शकतात, कमरेवरील यंत्रास सायकल चालविणे नीट उमगत नाही आणि वेदना तर कोणतेच यंत्र मोजीत नाही.

म्हणून आम्हांस दोन्ही साक्षी मोलाच्या वाटतात. रुग्णाच्या शब्दांतून त्याचे दुखणे कळते, तर यंत्रातून त्याची सवय. शस्त्रक्रिया वेदना दूर करते. परंतु वर्षानुवर्षे जडलेली बसून राहण्याची सवय तिच्याबरोबर जात नाही. ती प्रयत्नपूर्वक मोडावी लागते, अन्यथा स्नायूंची शक्ती परत येत नाही. थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा हितकारक, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

रुग्णाच्या कुटुंबीयांस आमची नम्र विनंती आहे : "आता बरे वाटते" एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. दररोजचे चालणे त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे, तपासणीस येताना ती वही सोबत आणावी आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने ते हळूहळू वाढवावे.