घाट चढून आला मावळ : आपल्या उशाशी असलेल्या जुन्या वाटा

चाकणच्या बाजारात कांद्याची गाडी घेऊन गेलेल्या माणसाला आज नाशिक रस्त्यावरची मोटारींची रांग दिसते, कारखान्यांची धुराडी दिसतात. पण चाकण, तळेगाव, चिंचवड ही गावे कारखान्यांच्या आधी कितीतरी शतके रस्त्यावरचीच गावे होती. कोकणातून घाट चढून आलेला माल याच पट्ट्यात उतरत असे. बैलाच्या पाठीवरच्या गोण्यांतून मीठ, सुकी मासळी, नारळ वर येई आणि देशावरचे धान्य, गूळ, तूप, कांदा-लसूण खाली जाई. आपल्या पणजोबांच्या भाकरीतले मीठ बहुधा अशाच एखाद्या घाटाने चढून आलेले असेल.

सह्याद्रीचा कडा कोकणाच्या बाजूला भिंतीसारखा तुटलेला आहे. उंचच उंच अशी ही भिंत. तिला जिथे चीर पडली, ओढ्याने जिथे घळ कोरली, तिथून माणसाने वाट काढली. या वाटांचे प्रकारही जाणत्यांना ठाऊक असतात. लादलेला बैल चढू शकतो तो बैलघाट. ओढ्याच्या घळीतून दगडधोंड्यांवरून चढते ती नाळ. आणि कड्याला शिडी लावून चढावी लागते ती शिडीची वाट. भीमाशंकरला कोकणातल्या खांडस गावाहून दोन वाटा येतात. एक सोपी, लांबची, गणपती घाटाची. दुसरी जवळची पण अवघड, तिला शिडी घाट असेच नाव आहे.

दोन हजार वर्षांचा रस्ता

कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी पाहायला आपण मुलाबाळांसह जातो. एकवीरा आईचे दर्शन घेऊन लेण्यात डोकावतो. पण ती लेणी नेमकी तिथेच का खोदली, हा विचार क्वचितच मनात येतो. बोरघाटाने चढून आलेला व्यापारी तांडा इंद्रायणीच्या खोऱ्यात याच अंगाने पुढे सरके. लेण्यांतल्या भिक्षूंना व्यापाऱ्यांनी, सावकारांनी दाने दिली आणि त्यांची नावे दगडावर कोरली गेली. कार्ल्याच्या एका लेखात ‘मामाल’ या प्रदेशाचे नाव आहे. आपल्या ‘मावळ’ शब्दाचे ते जुने रूप, असे अभ्यासक मानतात.

युरोपातल्या आल्प्स पर्वतातही असेच आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामधल्या सेंट बर्नार्ड खिंडीत अकराव्या शतकात धर्मगुरूंनी वाटसरूंसाठी मठ बांधला. बर्फात अडकलेल्यांना शोधणारी तिथली कुत्री जगभर प्रसिद्ध झाली. आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. पण डोंगर ओलांडणाऱ्याला निवारा आणि पाणी लागते, ही गरज तीच.

या सर्व वाटांत मानाचे पान नाणेघाटाचे. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगावला जावे, तिथून डावीकडे जुन्नर आणि पुढे घाटघर. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांची त्यात यादी आहे. आपल्या देशातले फार जुने आकडे तिथे कोरलेले पाहायला मिळतात. वर दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाट चढणाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असे लोक सांगतात.

घाट ज्याचा, मुलूख त्याचा

घाट राखला की मुलूख राखला, हे राज्यकर्ते ओळखून होते. १६६० साली शाएस्तेखानाने चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी तो कोट ५६ दिवस झुंजवला. सपाटीवरच्या लहानशा कोटासाठी एवढा आटापिटा कशासाठी? जुन्नर-नाशिककडचा रस्ता आणि घाटाकडच्या वाटा इथे जवळ येतात, म्हणून.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६६१ मध्ये, कारतलबखान चिंचवड-तळेगावच्या मार्गाने लोणावळ्याकडे गेला आणि कुरवंडे घाटाने कोकणात उतरू लागला. खाली उंबरखिंडीत झाडी दाट, वाट अरुंद. शिवाजी महाराजांचे मावळे दोन्ही अंगांना दबा धरून बसलेले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, प्यायला पाणी मिळेना. अखेर सोबतच्या रायबागन या मानी सरदारणीच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामानसुमान टाकून जीव घेऊन गेला. वाट ठाऊक असलेली थोडी माणसे वाट ठाऊक नसलेल्या फौजेला भारी पडली.

१७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची गत तशीच झाली. राघोबादादांना घेऊन त्यांची फौज बोरघाट चढून आली. सोबत एकोणीस हजारांवर बैल होते. एवढ्या बैलांची वैरण आणि पाणी यांची सोय करणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. फौज मुंगीच्या पावलाने सरकली. तळेगावला पोहोचली तो मराठ्यांनी गाव आधीच जाळून मोकळे केलेले. ना दाणा, ना वैरण. परत फिरताना वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने तिला घेरले आणि तह करणे भाग पाडले.

बैलाची वाट आणि आगगाडीची वाट

पुढे इंग्रजांचे राज्य आले आणि बोरघाटावर गाडीरस्ता झाला. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांनी तो खुला केला. त्याच काळातला अमृतांजन पूल २०२० साली पाडण्यात आला. खंडाळ्याजवळ शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मरण आले, अशी कथा आहे. वाटेने जाणारा गाडीवान अजूनही तिथे हात जोडतो.

आगगाडीचा बोरघाट १८६३ साली पुरा झाला. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर त्या कामावर होते. रोगराईने आणि अपघातांनी त्यांतले कितीतरी दगावले. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने माणसे नेमून काम तडीस नेले. त्यानंतर लादलेल्या बैलांचे दिवस सरत गेले. २००२ साली द्रुतगती मार्ग झाला आणि घाट हा तासाभराचा मामला झाला.

कुसूर घाट पाहून या

ज्यांना जुना बैलघाट पायाखाली घालून पाहायचा आहे, त्यांनी आंदर मावळातला कुसूर घाट निवडावा. तळेगावहून टाकवे, खांडी या बाजूने कुसूरला जाता येते. वाटेत ठोकरवाडी धरणाचा जलाशय लागतो. त्याचे पाणी कडा उतरून भिवपुरीच्या वीजघराला जाते. १९२२ पासून पाण्यानेही हीच दिशा धरली आहे. घाटात जुनी दगडी फरसबंदी जागोजागी दिसते. लादलेल्या जनावराचा पाय घसरू नये, दम लागू नये, अशा बेताने वाट वळवलेली आहे. पायथ्याला भिवपुरीजवळ घडीव दगडांचा तलाव आहे. सदाशिवरावभाऊ पेशव्यांच्या घरातील पार्वतीबाईंनी तो वाटसरूंच्या तहानेसाठी बांधला. खाली उतरल्यावर कर्जत गाठावे आणि आगगाडीने लोणावळ्यावरून घरी यावे.

जाताना एवढे लक्षात ठेवा :

• दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटेवर पाय टाकू नये.

• घाटमाथ्याच्या गावातला जाणता माणूस सोबत घ्यावा आणि त्याची दिवसाची मजुरी द्यावी.

• माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, काठी आणि घट्ट बसणारे बूट. सकाळी लवकर निघावे.

• कड्यावर आग्या मोहोळ असते. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळावा.

• प्लॅस्टिकचा कागदही मागे ठेवू नये. गुरे तो खातात.

वाट चालल्यानेच राहते

घाटमाथ्याच्या वाड्यांतली तरुण मुले आता मोटारसायकलवरून चाकणच्या, तळेगावच्या कारखान्यांत जातात. पगार घरी येतो, चूल पेटते; त्यात वावगे काही नाही. पण घाटाने आता कोणी उतरत नाही. चार पावसाळे पाय पडला नाही की कारवी माजते, दरड येते, फरसबंदी मातीखाली जाते. पाणी कुठे, विसावा कुठे, कोणत्या वळणाला काय नाव, हे फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरले आहे. बऱ्याच वाटा कोणत्याही नकाशावर नाहीत.

म्हणून घरात, भावकीत कोणी घाट उतरलेले आजोबा-आजी असतील, तर त्यांना विचारा. बाजाराला कोणत्या वाटेने जात होता? पाणी कुठे पीत होता? कोणत्या देवाला दगड वाहत होता? मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा. शाळेच्या सहलीला लांबचे ठिकाण शोधण्यापेक्षा गुरुजींना एकदा जवळचा घाट सुचवा. वर्षातून एकदा गावातली दहा-वीस पोरे कोयता घेऊन चालून आली, तर वाट मोकळी राहील. बापजाद्यांनी राखलेला बांध आपण मोडत नाही. ही वाटही त्यांनीच राखलेली आहे.