साडेसातांतून दोन गेले

अमेरिकन घोडदळाने 1873 साली जे कोल्ट रिव्हॉल्व्हर पत्करले, त्याची नळी साडेसात इंची होती. नाव ‘सिंगल ॲक्शन आर्मी’. .45 ची जाडजूड गोळी, सहा घरांची चक्री, आणि दर बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. घोड्यावर बसणाऱ्याला कमरेच्या म्यानातली ही लांबी फारशी अडत नसे. 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे हेच रिव्हॉल्व्हर होते. पुढे 1892 मध्ये सैन्याने .38 चे डबल ॲक्शन, म्हणजे नुसता चाप ओढला की घोडा आपणच उठणारे, कोल्ट घेतले आणि जुनी .45 कोठारात धूळ खात पडली.

सरकारी माल असा फुकट पडू देणे कुठल्याच खात्याला परवडत नाही. 1895 च्या सुमारास यातली 800 रिव्हॉल्व्हरे हार्टफर्डला, कोल्टच्याच कारखान्यात परत गेली. तिथे नळीचे दोन इंच छाटून ती साडेपाचावर आणली, नेम धरायची पुढची माशी नव्याने बसवली आणि हलक्या तोफखान्याला वाटली. पुढे 1903 पर्यंत हेच काम कोल्टने आणि स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागाराने मिळून केले. आकडा दहा हजारांच्या बराच वर गेला. संग्राहक आज या आखूड रिव्हॉल्व्हरांना सरसकट ‘आर्टिलरी’ म्हणतात आणि लांब नळीच्यांना ‘कॅव्हलरी’. प्रत्यक्षात नंतरच्या आखूड रिव्हॉल्व्हरांतली पुष्कळशी पायदळाच्या आणि स्वयंसेवक पलटणींच्याच कमरेला लागली. पण नाव एकदा चिकटले की चिकटले.

नळी कापणे हा यातला सगळ्यात सोपा भाग. पोलाद कापायला यंत्र आहे, दोन इंच मोजायला पट्टी आहे. खरे काम सुरू होते ते तुकडा खाली पडल्यावर. नळीच्या आत पीळ असतो, त्यावरून गोळी गरगरत बाहेर येते. तिचे बूड ज्या क्षणी नळीचे तोंड सोडते, त्या क्षणी मागचा वायू सगळ्या बाजूंनी सारखा निसटायला हवा. तोंडाची कड एका अंगाने केसभर जरी उंच राहिली, तरी वायू दुसऱ्या अंगाने आधी सुटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. म्हणून कापलेले तोंड नळीच्या अक्षाशी काटकोनात आणून आतली कड गोल, एकसारखी घासावी लागते. नुसत्या डोळ्याला हे काम नीट दिसतही नाही. बिघडले असेल तर निशाणावरची भोके सांगतात.

मग माशी. कोल्टच्या या रिव्हॉल्व्हरवर ती पातळ, अर्धचंद्रासारखी पोलादी पाती असते. नळीच्या माथ्यावर खाच पाडून तीत बसवलेली आणि डाख देऊन पक्की केलेली. मागचे साइट म्हणून वेगळा भागच नाही. चक्रीवरच्या पट्टीत एक चर आहे, त्यातूनच बघायचे. चर जागचा हलत नाही, त्यामुळे सगळी भिस्त माशीवर. ती जराशी कलली तर गोळी बाजूला जाते, आणि ते निस्तरायला कारागिराला कधीकधी अख्खी नळीच सांगाड्यात किंचित फिरवावी लागते.

उंचीचा हिशेब त्याहून गमतीचा. बार उडतो तेव्हा गोळी अजून नळीत असतानाच रिव्हॉल्व्हर हातात वर उचलले जाऊ लागते. ते भरून काढण्यासाठी माशी मागच्या चरापेक्षा उंच ठेवतात. नेम धरला की नळी नजरेच्या रेषेखाली किंचित झुकलेली असते. आता नळी दोन इंच आखूड केली आणि तीच माशी त्याच उंचीची ठेवली, तर उंची तेवढीच आणि अंतर कमी, म्हणजे नळीचा झुकाव वाढला. गोळी खाली लागणार. त्यातून गोळी नळीत घालवते तो वेळही बदललेला, वेगही थोडा घटलेला. कागदावर हे सगळे मांडून नेमकी उंची काढत बसण्यापेक्षा कारागीर माशी मुद्दाम थोडी उंचच बसवतो, मैदानात जाऊन बार काढतो, भोके बघतो आणि कानशीने एकेक हात मारत गोळी वर आणतो. घासलेले पोलाद परत चढत नाही, म्हणून घाई करायची नाही.

एक तोटा मात्र कितीही घासून जात नाही. चर आणि माशी यांच्यातले अंतर जवळजवळ पावपटीने कमी होते. हात तेवढाच थरथरला तरी नेम पूर्वीपेक्षा तीसेक टक्के जास्त चुकतो. म्यानातून चटकन निघावे, कमरेला टोचू नये, यासाठी मोजलेली ही किंमत.

दोनच इंच का, याचेही उत्तर अंशतः यंत्रातच आहे. रिकामी काडतुसे ढकलून काढणारी दांडी नळीच्या उजव्या अंगाला एका नळकांड्यात असते. ते नळकांडे पावणेपाच इंची नळीच्या तोंडाशी संपते, म्हणून बाजारात विकायचे सर्वांत आखूड नेहमीचे कोल्ट पावणेपाच इंचांचे. त्याहून लहान हवे तर ही दांडीच सोडावी लागते. कोल्टने तशीही काही बनवली. ‘शेरिफ्स मॉडेल’ म्हणतात ती हीच.

छाटण्याचा हा सोस पुढे 1920 च्या दशकात टोकाला गेला. कोल्टचाच माणूस जॉन हेन्री फिट्झजेराल्ड डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची नळी दोन इंचांवर आणायचा, घोड्याचे शेपूट उडवायचा आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागही कापून टाकायचा, बोट अडायला नको म्हणून. खिशात दिसायला सुबक, पण उघड्या चापाचे रिव्हॉल्व्हर खिशात घालून फिरणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. कंपनीने 1927 मध्ये ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढले तेव्हा दोन इंची नळी ठेवली आणि कडे अखंडच राहू दिले.

आपल्याकडे हा उद्योग घरच्या घरी करायची सोय नाही, हे बरेच. 1959 च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम नेमके यावरच आहे: वेगळा परवाना असल्याशिवाय कुठल्याही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. हत्यार परवान्याचे असले तरीही.

साडेपाच इंची .45 ना मात्र फिलिपिन्समध्ये दुसरा जन्म मिळाला. तिथले मोरो लढवय्ये अंगावर धावून येत तेव्हा नव्या .38 च्या गोळ्या खाऊनही थांबत नाहीत, अशा तक्रारी वाढल्या आणि म्हाताऱ्या .45 ला पुन्हा बोलावणे आले. सैन्याच्या 1904 च्या थॉम्पसन-लगार्ड गोळी-चाचण्यांनीही .45 चीच बाजू घेतली, आणि तिथून वाट थेट 1911 च्या पिस्तुलापर्यंत गेली.

आता ही रिव्हॉल्व्हरे लढतात ती लिलावात. मूळ नग कारखान्यातून निघाला तेव्हा सांगाडा, चापाचे कडे, मुठीची पट्टी, नळी आणि चक्री यांवर एकच क्रमांक ठोकलेला असे. पहिल्या 800 नगांचे भाग एकमेकांपासून फारसे विलग झाले नाहीत. पुढच्या हजारोंच्या वेळी मात्र सगळे सुटे करून ढीग घातले, पॉलिश केले आणि हाताला येईल तो भाग बसवला. एकाचा सांगाडा, दुसऱ्याची नळी, तिसऱ्याची चक्री. सैन्याला क्रमांकाशी देणेघेणे नव्हते, रिव्हॉल्व्हर चालले की झाले. लांब नळीच्या नगाला भाव जास्त, त्यामुळे छाटलेल्या नळीला जोड देऊन ती पुन्हा साडेसात इंची करणारे महाभागही निघाले. जाणकार गिऱ्हाईक म्हणून नळीवरचा जोड शोधते. आणि नंतरच्या काळातल्या एखाद्या ‘आर्टिलरी’चे पाचही क्रमांक तंतोतंत जुळले, की खूश होण्याआधी भिंग काढते.