सेफ्टी ऑफिसरचा पगार सर्टिफिकेटवर ठरत नाही

सिल्वासा, मसाट, नरोली या पट्ट्यात नोकरी शोधणाऱ्या मुलांकडून एक गोष्ट सतत ऐकू येते: 'सहा महिन्यांचा सेफ्टीचा कोर्स केला की ऑफिसर, आणि पगार ऑफिसरचा.' या समजुतीपायी घरचे पैसे फीमध्ये जातात, म्हणून स्पष्टच सांगायला हवं. हे खरं नाही.

सेफ्टी ऑफिसर हे कायद्यातलं पद आहे. त्याची पात्रता कोर्स चालवणारा ठरवत नाही. नमुना म्हणून शेजारच्या महाराष्ट्राचे 1982 चे सुरक्षा अधिकारी नियम उघडून पाहा. अभियांत्रिकीची पदवी असेल तर 2 वर्षांचा अनुभव. अभियांत्रिकीची पदविका किंवा भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची पदवी असेल तर 5 वर्षांचा. त्यावर औद्योगिक सुरक्षेची सरकारमान्य पदवी किंवा पदविका, आणि त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. म्हणजे सेफ्टीचा कोर्स येतो सगळ्यात शेवटी! बारावीनंतर थेट तो केलेल्या मुलाला सेफ्टी सुपरवायझरचं काम मिळू शकतं. काम मोलाचंच आहे, पण पगार सुपरवायझरचाच मिळतो.

मग ऑफिसरचा पगार किती? कायद्यात आकडा नाही. त्याच नियमांत मात्र फार महत्त्वाची तरतूद आहे आणि ती कुणी सांगत नाही. कारखान्यात एकच सुरक्षा अधिकारी असेल तर त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा द्यायचा, त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करायचं, आणि त्याचा पगार-भत्ता त्याच दर्जाच्या इतर अधिकाऱ्यांसारखा असायला हवा. मुलाखतीत विचारायचं ते हेच: इथे माझ्या दर्जाचे बाकीचे अधिकारी कोण, आणि त्यांची श्रेणी काय?

हे पद सक्तीचं कुठे, यावरही बरंच अवलंबून आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात मर्यादा 1000 कामगारांची होती. धोक्याच्या प्रक्रियांसाठी सरकार वेगळा आदेश काढू शकत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा कारखान्यांसाठी 500 वर आणि धोकादायक प्रक्रियेसाठी 250 वर आणली. सिल्वासासारख्या मध्यम कारखान्यांच्या गावात हा बदल मोठा आहे. मर्यादेखालच्या युनिटमध्ये 'सेफ्टी ऑफिसर' ही पाटी मालकाने स्वखुशीने लावलेली असते, आणि पगारही तोच ठरवतो.

आणखीही काही समजुती कानावर येतात. 'नेबॉश केलं की इथे चालतं.' नेबॉश ही ब्रिटिश परीक्षा आहे. आखातात तिला मान आहे, पण ती सरकारमान्य पदविकेची जागा घेत नाही. तशी पदविका हवी असेल तर मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पाहावा.

'अमेरिकेत याच कामाचे 60-70 लाख मिळतात.' तिथलं मध्यक वेतन वर्षाला 80 हजार डॉलरच्या आसपास आहे, हे तिथल्या सरकारी आकडेवारीतच आहे. पण घरभाडं आणि दवाखान्याचा खर्चही डॉलरमध्येच भरायचा असतो; रुपयांत गुणाकार करून सिल्वासाचा पगार कळत नाही.

'अपघात झाला की सेफ्टी ऑफिसर आत जातो, पगार त्यासाठीच मिळतो.' कारखाने अधिनियमाने पहिली जबाबदारी भोगवटादार (कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणारा) आणि व्यवस्थापकावर टाकली होती. सुरक्षा अधिकाऱ्याचं काम सल्ला देण्याचं, तपासणीचं आणि मदतीचं. त्याच्यावर उत्पादनाचं टार्गेट लादणंही चुकीचंच: सुरक्षेच्या कामाशी विसंगत असं कुठलंही काम त्याला देऊ नये, असं ते 1982 चे नियमच सांगतात.