गृहपाठ, खूग आणि शुक्रवारची दुपार

इथे इस्राएलमध्ये शाळा रविवारी सुरू होते. आदल्या दिवशी शब्बाथ, आणि शब्बाथाला लिहायचे नाही. म्हणजे रविवारच्या गृहपाठासाठी उरते शुक्रवारची दुपार. जूनमध्ये शब्बाथ सातनंतर लागतो, पण डिसेंबरात साडेचारच्या आतच. मुलगी दुपारी शाळेतून आली, जेवली आणि नाचाच्या खूगला गेली, की वही उघडणार कधी? ती उघडते शनिवारी रात्री, डोळे मिटत असताना.

म्हणून आमच्याकडे हिवाळ्यात शुक्रवारी खूग नाही. एरवी आठवड्याला दोनच, तेही तिने निवडलेले. (मराठीचा वर्ग तिसरा. तो मी निवडला, हे कबूल करते.)

आता आजीआजोबांशी थोडे बोलायचे आहे. "आम्हाला हिब्रू वाचता येत नाही, आम्ही काय मदत करणार?" असे तुम्ही म्हणता. वाचू नका, नुसते विचारा: "आज काय शिकलीस, मला मराठीत सांग." आमची लेक अपूर्णांकांत अडली होती. सासूबाईंनी शब्बाथाच्या जेवणानंतर भाकरीचे तुकडे पुढे ठेवले आणि पाव, अर्धी, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे म्हणवून घेतले. हिब्रूत दीडला "एक आणि अर्धा" म्हणावे लागते. मराठीत एकच शब्द, याची तिला फार गंमत वाटली. पेन्सिल लागली नाही, शब्बाथही मोडला नाही. शनिवारी रात्री उत्तरे लिहायला दहा मिनिटे पुरली. भाकरी मात्र उरली नाही.